कल्याणची वाट



कल्याणसारख्या जुन्या, अनेकधर्मीय शहराचा विषय शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर सोपे आहे. कल्याण घडले ते बाहेरून येणाऱ्या वाटांवर, आणि त्यांतल्या मोठ्या वाटा आपल्या मुलखातून जातात.

नाणेघाटच घ्या. जुन्नरकडून उतरणारी ही वाट वैशाखऱ्याजवळ मुरबाडच्या मुलखात येते आणि पुढे कल्याण बंदर गाठते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे; त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे. वाटेच्या या टोकाला, कल्याणात, व्यापारी कान्हेरीच्या बौद्ध संघाला दाने देत होते. ती नोंदही दगडावर आहे. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक लेखकाने येथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे लिहिले. पुढे मुसलमान राज्यकर्त्यांनी शहराला इस्लामाबाद नाव दिले, १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते घेतले. बाजारकरूच्या तोंडी मात्र कल्याण ते कल्याणच राहिले.

हा बाजारकरू आम्हांला महत्त्वाचा वाटतो. भाताचे पोते विकायला गेलेला आपला शेतकरी बाजार, दुकान, तराजू हे फारसी शब्द आणि वजन, हिशेब हे अरबी शब्द बोलून घरी येतो. येताना पाव आणि बटाटे आणतो, ते शब्द पोर्तुगीज. आपण परभाषा बोललो असे त्याच्या मनातही येत नाही. आडनावांचेही तसेच. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' ठरले. पण त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली आडनावे पुष्कळ. माणसाने प्रथम गाव सांगावे, बाकीचे मागाहून, असा हा रिवाज होता.

आता थोडे नाजूक बोलतो. मलंगगडावर हाजी अब्दुल रहमान म्हणजेच मलंगबाबांचा दर्गा आहे. पुष्कळ हिंदू त्या स्थानाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. तेथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. माघी पौर्णिमेला दोन्ही समाजांची माणसे गड चढतात. १९८० नंतर हे स्थान कोणाचे हा वाद पेटला. हक्काचा निवाडा न्यायालयांनी करावा. तो आमचा अधिकार नव्हे. आमची काळजी नवस फेडायला जाणाऱ्या म्हातारीची आहे. नारळ कोणाच्या नावाने वाढवते, हे तिला पूर्वी सांगावे लागत नव्हते. आता वाटेत कोणी विचारलेच तर काय म्हणावे, याची तयारी करून तिला निघावे लागते. आणि एखादी घरीच बसते. तिचे घरी बसणे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही.

आणखी एक गोष्ट. 'अनेकधर्मीय' म्हणताना हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, पारशी अशी नावे लोक घडाघडा मोजतात. शहराला करवंदे, मोहाची फुले नि रानभाज्या पुरवणारे आपले ठाकूर, कातकरी, महादेव कोळी त्या यादीत कोठे बसतात? वाघदेवाला पुजणाऱ्याला कोणत्या रकान्यात घालावे, याचा विचार शहराच्या इतिहासकारांनी फारसा केलेला नाही. आम्हांला हे मोठे न्यून वाटते, कारण टोपली घेऊन दारात उभी राहणारी बाई सगळ्या आळ्यांना सारखीच ओळखीची असते.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. म्हसोबाचे दर्शन आहेच. पण बैल आणि घोंगड्या यांच्या व्यवहारासाठी कोठकोठून माणसे येतात! येथल्या तरुण मंडळींनी येत्या जत्रेत वही घेऊन बसावे. कोण कोठून आला, काय विकले, कोणत्या शब्दांत भाव ठरला आणि जेवण कोणाच्या पालावर झाले, एवढे लिहून आणावे. वह्यांचा खर्च आम्ही देऊ.