डबा वेगळा, बोर्ड तोच
(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि राज्य शासनाची नोकरी, एवढीच आमची शिदोरी. कार्यकारिणीने विषय विचारला, आम्ही 'जुने व्हिडिओ गेम' म्हटलं, तेव्हा काहींना हसू आलं. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

१९९२ साली इथे इंदूरला, आमच्या वाड्यात पहिला व्हिडिओ गेम आला. आम्हा तिघा भावांच्या मुंजीत जमलेले पैसे त्यात गेले. लाल-पांढरा डबा, दोन बाजूंना दोन रिमोट, वरून खोचायची कॅसेट. पुढच्या सुट्टीत अमेरिकेतले मामा आले. त्यांनी आमच्यासाठी एक करड्या रंगाची कॅसेट आणली. ती रुंद होती आणि उंचीला आमच्या कॅसेटच्या जवळपास दुप्पट. काही केल्या डब्यात जाईना. मामेभाऊ म्हणाला, "तुमचा डुप्लिकेट आहे. असली तर आमच्याकडे असतो." त्या रात्री आम्ही तिघंही जेवलो नाही.

पुढे डिप्लोमा करताना कळलं, की मामेभावाचा करडा डबासुद्धा मूळचा नव्हता. आमचा डबा नक्कल होता हे खरं, पण तो मुळाची नक्कल होता आणि त्याचा डबा त्याच मुळाचं परदेशी रूप.

मूळ यंत्र निन्टेंडो कंपनीचं 'फॅमिकॉम'. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली तयार झालं आणि १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. लहान, खेळण्यासारखं. रिमोटच्या वायरी डब्यालाच जोडलेल्या, आणि दुसऱ्या रिमोटमध्ये चक्क मायक्रोफोन.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानदारांकडे न खपलेल्या कॅसेट पडून होत्या. 'व्हिडिओ गेम' हा शब्दही त्यांना नकोसा झाला होता. मग निन्टेंडोने वेषांतर केलं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानांत जे यंत्र आलं, ते करडं, चौकोनी, व्हीसीआरसारखं दिसणारं होतं. नाव 'एंटरटेनमेंट सिस्टीम'. कॅसेट पुढून आत सरकवून खाली दाबायची. सोबत एक छोटा रोबोसुद्धा दिला, म्हणजे दुकानदाराला ते खेळणं वाटावं!

पिनाही बदलल्या. जपानी कॅसेटला ६०, अमेरिकन कॅसेटला ७२. त्यातल्या चार पिना कुलपासाठी होत्या. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली नाही तर यंत्र सारखं रीसेट होत राहणार. पुढून दाबायचा तो सॉकेट वापरून सैल व्हायचा, म्हणून तिकडची मुलंही कॅसेटमध्ये फुंकर मारायची. म्हणजे फुंकर मारणं हे काही आपलंच अडाणीपण नव्हतं.

आता गंमत ऐका. सुरुवातीच्या 'जायरोमाइट' नावाच्या अमेरिकन कॅसेटचे काही नग उघडले, तर आत जपानी ६० पिनांचाच बोर्ड आणि त्याला जोडलेला अडॅप्टर सापडतो. वरचं उंच प्लास्टिक बरंचसं रिकामं. डबा वेगळा, बोर्ड तोच.

पण खोटं कशाला बोलायचं? वेष बदलताना काही हरवलंही. जपानी कॅसेट आपला जादा आवाज ज्या पिनांतून यंत्रात मिसळायची, त्या अमेरिकन कॅसेटला नव्हत्या. 'कॅसलवेनिया ३' या गेमच्या जपानी कॅसेटमध्ये संगीताचे जादा सूर आहेत, अमेरिकन कॅसेटमध्ये नाहीत. गेम तोच, पण संगीत थोडं उणं.

युरोपातल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं, जपान-अमेरिकेत ६० वेळा. गेम चित्राच्या तालावर चालतो. त्यामुळे पुष्कळसे गेम तिकडे एक षष्ठांश संथ चालायचे. दक्षिण कोरियात तेव्हा जपानी सांस्कृतिक मालावर निर्बंध होते, तर तिथे हेच यंत्र ह्युंदाईने 'कॉमबॉय' नावाने विकलं. आणि आपल्याकडचे टीव्हीही ५० वाले. अशा टीव्हीसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीने वेगळ्या चिप काढल्या, म्हणजे जपानी गेम फारसा न बिघडता चालावा. त्यांना परवाना कुणी दिला नव्हता, हेही खरं. पण आपल्या पिढीला मारिओ भेटला तो बहुधा अशाच डब्यांतून.

हे सगळं आज का सांगतोय? गेल्या उन्हाळ्यात आमची पुतणी पुण्याला लग्नाला गेली होती. तिथे ती सहज म्हणाली, "बाबा येऊन राहिलेत." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "ही कसली मराठी?" इंदूरला परतल्यापासून ती घरात हिंदीतच बोलते. आजीशीसुद्धा. आजी विचारते मराठीत, ती उत्तर देते हिंदीत. आम्हाला तो मामेभाऊ आठवला आणि ती न जेवलेली रात्र.

होळकरांबरोबर आपली घराणी इथे आली, त्याला पिढ्या झाल्या. इथल्या टीव्हीवर चालायचं म्हणून आपल्या बोलण्याचा ताल बदलला. काही पिना गळल्या. पणजीच्या तोंडचे कितीतरी शब्द आज आम्हाला येत नाहीत, त्याची खंत आहे. ते ज्येष्ठांकडून लिहून घ्यायला हवेत, हेही आपलंच काम. पण म्हणून आपली मराठी डुप्लिकेट ठरत नाही. आणि पुण्याच्या मराठीलाही तिचा स्वतःचा डबा आहेच की.

पुतणी आज चौथ्या रांगेत बसली आहे. तिने उत्तर कोणत्याही डब्यातून द्यावं, आम्हाला चालेल. पण आजीशी बोलावं. डिप्लोमात शिकलेली एक गोष्ट आम्ही विसरलेलो नाही: बरीच वर्षं न वापरलेल्या बोर्डाच्या पिनांवर गंज चढतो, मग फुंकर मारूनही तो लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!