व्हाळातली बुरशी आणि आपली फवारणी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही कृषी खात्यातली माणसे. आमचे पावसाळ्याचे दिवस फोंडा, सत्तरी, सांगे भागातल्या कुळागरांत जातात. सुपारीवर कोळेरोग आला, हिरवी फळे गळू लागली, की आम्हाला बोलावणे येते आणि आम्ही बोर्डो मिश्रण मारायला सांगतो. आज मात्र त्याच कुळागराच्या कडेने वाहणाऱ्या व्हाळाबद्दल बोलायचे आहे.

व्हाळाच्या दोन्ही काठांवर झाडे असतात. त्यांची पाने वर्षभर पाण्यात पडत राहतात. दाट सावलीत शेवाळ फारसे वाढत नाही, त्यामुळे तिथल्या लहान जिवांचे मुख्य अन्न ही पडलेली पानेच. पण नुसते पान चिवट आणि निकस असते. पीठ आंबल्याशिवाय सान्नां फुगत नाहीत, तसे बुरशी लागल्याशिवाय पान खाण्याजोगे होत नाही. बुरशीचे तंतू पानात शिरतात, चिवट भाग विरघळवतात आणि काही आठवड्यांत पान मऊ व पौष्टिक करतात. मग कीटकांच्या अळ्या, खेकडे ते खातात आणि अळ्यांवर मासे जगतात. म्हणजे व्हाळाचा स्वयंपाक बुरशीच करते.

या बुरशींकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वेधले ते 1942 साली. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातल्या एका ओढ्यात कुजणाऱ्या पानांवर इनगोल्ड या शास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. यातल्या अनेकींच्या बीजाणूंना चार फांद्या असतात, त्यामुळे ते वाहत्या पाण्यातही पानाला अडकून बसतात. धबधब्याखाली जो फेस जमतो त्यात ते भरपूर सापडतात. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही त्यांच्या अनेक जाती आहेत. मंगळूर विद्यापीठाचे डॉ. के. आर. श्रीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले आहे.

आता औषधाकडे येऊ. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबे असते आणि तांबे बुरशीला मारक. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींसाठी 1885 च्या सुमारास हे मिश्रण पुढे आले आणि आजही त्याला तोड नाही. पण पोफळीवरचा रोग कोणता आणि पाण्यातली उपयोगी बुरशी कोणती, हे तांब्याला कळत नाही.

तांबे, जस्त, कॅडमियम पाण्यात वाढले की काय होते, हे प्रयोगांतून दिसले आहे. बुरशी लगेच मरत नाही. पानात ती तग धरते, पण बीजाणू धरणे आधी कमी होते. वरून सगळे ठीक दिसते आणि पुढच्या पानांसाठी बियाणेच उरत नाही. जर्मनीत तांब्याच्या जुन्या खाणींच्या भागातल्या ओढ्यांत काही जाती टिकून होत्या, पण जातींची संख्या फार घटलेली होती. जाती घटल्या की पाने कुजायला वेळ लागतो आणि उपास घडतो तो अळ्यांना आणि माशांना.

मग फवारणी बंद करायची का? नाही. सुपारीवर घरे चालतात, मुलांची शिक्षणे होतात. कोळेरोगात अख्खा हंगाम जातो, हे आम्ही पाहतो. प्रश्न औषध कुठे पडते याचा आहे.

एक टक्का बोर्डोसाठी 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना लागतो. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे आहे, अजून चुना घाला. मोकळे तांबे पिकालाही बाधते आणि पाण्यालाही. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी साधारण 40-45 दिवसांनी, तीही उघडीप पाहून. पाऊस डोक्यावर असताना मारलेले औषध धुऊन व्हाळात जाते आणि पैसेही वाहून जातात. पंप, पिंप, बादल्या व्हाळात धुऊ नका. ते पाणी काठापासून दूर, मातीत जिरवा. उरलेले मिश्रण पाण्यात ओतू नका. आणि काठावरची झाडे तोडू नका, व्हाळाचे अन्न त्यांच्यापासूनच येते.

चतुर्थीचेही असेच. पत्रीचे चार पान बुरशीला जड नाही. पण गावभरचे निर्माल्य एका कोंडीत साचले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. ते खतखड्ड्यात जावे. मूर्ती चिकणमातीची, साध्या रंगाची असावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनाही प्लास्टर ऑफ पॅरिस आणि विषारी रंग टाळायलाच सांगतात.

बाप्पाला आपण ज्या पाण्यात निरोप देतो, त्याच पाण्यावर आपली पोफळ उभी आहे. ते पाणी जिवंत ठेवणारे हात डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच. यंदा पंप धुताना त्यांची आठवण ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!