दावे कोणाच्या हाती?



कामगारांच्या प्रश्नावर बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला सांगितले. मी वेतन, बोनस किंवा कायदा यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र बोलणार आहे मोबाईलमधील इंटरनेट लॅपटॉपला कसे द्यावे यावर. हा कामगारांचा प्रश्न कसा, ते ऐका.

गेल्या वर्षी अकरा कामगारांच्या थकलेल्या पगाराचा अर्ज ऑनलाइन भरावयाचा होता. मुदतीचा शेवटचा दिवस, आणि सकाळीच रस्ता खोदताना आमच्या कचेरीची इंटरनेटची तार तुटली. कागदपत्रे सारी लॅपटॉपमध्ये. मी पेनड्राइव्ह घेऊन दुकान शोधावयास निघालो. तेव्हा पॅकिंग खात्यातील एक मुलगी म्हणाली, "काका, फोन खिशात आहे ना? मग निघालात कुठे?" तिने दोन मिनिटांत जोडणी केली आणि साडेचार वाजता अर्ज दाखल झाला. तीस वर्षे संघटना बांधणाऱ्या माणसाला स्वतःच्या खिशात काय आहे हेच ठाऊक नव्हते!

तिने केले ते एवढेच. फोन टॉवरकडून रेडिओलहरींनी इंटरनेट घेतो, तेच तो शेजारच्या यंत्रालाही देऊ शकतो. घरच्या नळाला रबरी नळी लावून पाणी अंगणात न्यावे तसे. याला टेदरिंग म्हणतात. टेदर म्हणजे जनावर बांधावयाचे दावे.

हे दावे तीन प्रकारांनी बांधता येते. पहिला प्रकार वाय-फाय हॉटस्पॉटचा. फोनच्या सेटिंगमध्ये तो सुरू करावयाचा आणि तेथील पासवर्ड लॅपटॉपवर टाकावयाचा. यात अनेक यंत्रे जोडता येतात, पण फोनची बॅटरी लवकर संपते. दुसरा प्रकार यूएसबी केबलचा. यात एकच लॅपटॉप जोडला जातो, परंतु जोडणी भरवशाची असते आणि फोनही बहुधा चार्ज होत राहतो. तिसरा ब्लूटूथचा. तो संथ आहे, पण बॅटरी कमी खातो. नुसता अर्ज भरावयाचा असेल तर तेवढे पुरते.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. लॅपटॉप हा फोनपेक्षा खादाड असतो. आपण अर्ज भरत असता तो पाठीमागे स्वतःचे अपडेट उतरवून घेतो, आणि दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करावी, म्हणजे बहुतेक अपडेट थांबून राहतात. दुसरे, पासवर्डावाचून हॉटस्पॉट उघडा ठेवू नये. त्यावरून दुसऱ्याने काही उपद्व्याप केला, तर बाहेरच्या जगाला तो आपल्याच जोडणीवरून झालेला दिसतो. काम होताच हॉटस्पॉट बंद करावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डेटा आपण दाम मोजून घेतला. मग तो कोणत्या यंत्रावर वापरावा हे कोणी ठरवावयाचे? अमेरिकेत हा प्रश्न खराच उभा राहिला. व्हेरायझन कंपनी टेदरिंगसाठी दरमहा २० डॉलर जादा घेत असे, आणि ज्या अ‍ॅपांनी ते फुकट होई ती अ‍ॅपे ग्राहकांस मिळू नयेत अशी खटपट तिने केली. परंतु २००८ च्या लिलावात कंपनीने ज्या लहरी घेतल्या होत्या, त्यांना अटच होती की ग्राहकाच्या पसंतीची अ‍ॅपे व यंत्रे अडवावयाची नाहीत. चौकशी झाली आणि जुलै २०१२ मध्ये कंपनीने १२.५ लाख डॉलर भरून तडजोड केली. मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांना जादा आकार न देता तशी अ‍ॅपे वापरण्याची मोकळीक मिळाली.

आपल्याकडे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावण्यास बंदी केली. तो नियम यंत्राविषयीचा नव्हे. पण दाम घेतल्यावर विकणाऱ्याने ग्राहकाच्या वापरात नाक खुपसू नये, हे तत्त्व त्याच गोत्यातले आहे.

मित्रहो, कागदावरचा हक्क आणि तो वापरण्याची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जोडणी करता येत नाही तो आपला आधार क्रमांक आणि ओटीपी परक्याच्या दुकानात सांगत बसतो. म्हणून आज घरी गेल्यावर एकदा तरी ही जोडणी स्वतः करून पाहा, आणि उद्या शेजाऱ्याला शिकवा. दावे आहेच, ते आपल्या हाती असले म्हणजे झाले.