राजभाषा आणि राज्याची सीमा

आपला वर्धा जिल्हा एके काळी दोन राजभाषांच्या राज्यात होता, हे आज फारसे कुणाच्या ध्यानात नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाने 1950 मध्ये कायदा करून हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वर्ध्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. या उलथापालथीत आपली मराठी सुखरूप राहिली. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्या राज्याने 1957 च्या कायद्याने हिंदी हीच राजभाषा ठरवली. माणसे तीच, घरातली बोली तीच, संत्र्याच्या बागाही त्याच. तरी बाप वारल्यावर वर्ध्याच्या शेतकऱ्याला फेरफाराची नोटीस मराठीत मिळते, आणि पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला नामांतरणाचा कागद हिंदीत घ्यावा लागतो. भाषेचा हक्क राज्याच्या नकाशाला बांधला की नकाशा बदलताच तो हातचा जातो. म्हणून तो त्या भागात राहणाऱ्या माणसांना मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे कुठे चालते का, असा प्रश्न येईल. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेंच बोलणारे सुमारे एक तृतीयांश आहेत. शेजारच्या क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषकांचे बहुमत, इथे ते अल्पसंख्य. तरीही 1969 च्या कायद्याने या प्रांताने इंग्रजीच्या बरोबरीने फ्रेंचलाही राजभाषा केले, आणि पुढे 1982 मध्ये या समानतेला देशाच्या संविधानात जागा मिळाली. खर्च कोण सोसणार, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दोन भाषांत कागद काढायचे तर भाषांतरकार लागतात, छपाई वाढते. पण न्यू ब्रन्सविकची लोकसंख्या आपल्या एका वर्धा जिल्ह्याहूनही कमी आहे, आणि एवढासा प्रांत हा भार पन्नासहून अधिक वर्षे उचलतो आहे. दुसरा आक्षेप असा, की पांढुर्ण्याच्या मराठी माणसाला हिंदी समजतेच. बाजारात भाव करण्यापुरती समजणे वेगळे आणि जमिनीच्या आदेशातली अट नेमकी कळणे वेगळे. सही करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत असेल, तर तो कागद तिचा कसा म्हणायचा? संविधानाच्या अनुच्छेद 347 मध्ये वाट आहे: राज्यातल्या पुरेशा लोकांनी मागणी केली, तर राष्ट्रपती त्यांच्या भाषेला राज्यभर किंवा राज्याच्या एखाद्या भागात शासकीय मान्यता देण्याचा निर्देश देऊ शकतात.

हेच माप आपल्यालाही लागू होते, आणि लागलेच पाहिजे. हिंदीची वर्ध्याला भीती नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून इथे आहे, हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि तरीही इथल्या कचेरीतली मराठी हललेली नाही. खरी उणीव आपल्या जिल्ह्यातल्या गोंडी भाषेची आहे. अनुच्छेद 350-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायची आहे, आणि मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव तर 1937 मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत झाला होता. पांढुर्ण्यासाठी मराठी मागताना आपल्या जिल्ह्यातल्या गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी पहिलीच्या वर्गात गोंडी जाणणारा शिक्षक मागणे, हे त्याच मागणीचे दुसरे कलम आहे.