मताची गुप्तता आणि खिशातील यंत्र



1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गावकुसाबाहेरच्या माणसाला मतपेटीने केवळ मत दिले नाही. ज्या पाटलाच्या शेतात तो राबत होता, त्या पाटलाला त्याचे मत कोणास पडले हे कळण्याचा मार्गच तिने बंद केला. दुबळ्याला याहून मोठे कवच नव्हते. मतदानकेंद्रात ते आजही शाबूत आहे. परंतु मतदार तेथे पोहोचण्यापूर्वीच त्याच्या मोबाईलवरून त्याचे मन कोणी वाचून ठेवीत असेल तर?

हा कल्पनेचा खेळ नव्हे. 2018 साली निवडणुकीचा सल्ला विकणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. फेसबुकनेच दिलेल्या माहितीप्रमाणे माहिती गोळा करणारे ते अ‍ॅप भारतात अवघ्या 335 जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या स्नेह्यांच्या साखळीतून सुमारे 5 लाख 62 हजार भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता. एकाने होय म्हणावे आणि दीड हजारांवर माणसे न विचारता वहीत चढावीत, असा हा व्यवहार!

"आम्हांस लपविण्यासारखे काय आहे?" असे आपल्यापैकी पुष्कळ जण विचारतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लाखोंनी उघड्या मैदानात दीक्षा घेतली, हे खरे. परंतु ती स्वेच्छेने केलेली घोषणा होती. आपली जात, धर्म, कर्ज, आजार आणि भीती यांची नोंद कोणी परस्पर ठेवू लागला, तर ती टेहळणी होय. त्या नोंदीवरून एका घरास एक संदेश जातो, शेजारच्या घरास दुसराच. मग भरसभेत उभे राहून त्याला उत्तर देणार कोण?

परमपूज्य बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाचे घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम लिहिले होते. संविधानात ते आले नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मध्ये सत्तर वर्षे गेली! 2023 च्या माहिती-संरक्षण कायद्यातही केंद्र सरकारला आपल्या संस्था वगळण्याची मुभा आहे. वकील या नात्याने सांगतो, ही पळवाट लहान नाही.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे तरी करावे. मतदारचिठ्ठी आणणाऱ्या कार्यकर्त्यास मोबाईल नंबर देण्याचे बंधन आपणांवर नाही. आणि विहारातील दीक्षार्थींची यादी नंबरांसह व्हॉट्सअ‍ॅपवर धाडण्यापूर्वी त्या यादीतील प्रत्येकास विचारावे.