नाव लेकाचं, कारभार आईचा
तळेगावच्या सेनापती दाभाडे घराण्याची गोष्ट



चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्याने आपल्यातल्या कितीतरी जणी कंपनीच्या बसने रोज ये-जा करतात. वाटेत इंद्रायणीकाठी इंदुरी गाव लागतं. तिथे एका किल्ल्याचा भक्कम दरवाजा उभा आहे आणि आत कडजाई देवीचं देऊळ आहे. हा किल्ला सेनापती दाभाड्यांचा. आज त्यांच्या घरची गोष्ट सांगते. त्यात एका बाईची जरा जास्त सांगणार आहे.

दाभाडे मूळचे तळेगावचे. येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. पुढे राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं, तेव्हा येसाजींचा मुलगा खंडेराव त्यांच्याबरोबर होता. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये याच खंडेरावांना सेनापती केलं. सेनापती म्हणजे नुसता तलवारीचा मान नव्हे. पदरी हजारो माणसं, घोडी, त्यांचा दाणागोटा आणि पगार. हा खर्च मुलखाच्या वसुलातून भागवायचा. मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथाई. गुजरातेतली चौथाई गोळा करायचं काम दाभाड्यांकडे होतं.

खंडेरावांची बायको उमाबाई. माहेर नाशिककडचं अभोणा, ठोके देशमुखांचं घर. सप्तशृंगी गडावरच्या ४७० पायऱ्या त्यांनी बांधवल्या असं सांगतात. त्यांना तीन मुलगे, त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव, शिवाय तीन मुली. घर मोठं, मानाचं आणि भरलेलं.

१७२९ मध्ये खंडेराव गेले. थोरला त्र्यंबकराव सेनापती झाला. पण गुजरातचा वसूल कोणाचा, यावरून त्याचं आणि बाजीराव पेशव्यांचं बिनसलं. १ एप्रिल १७३१ ला बडोद्याजवळ डभोईला दोघांची लढाई झाली. दोन्ही बाजूंना मराठेच. त्यात त्र्यंबकराव मारला गेला. दोन वर्षांच्या आत उमाबाईंनी नवरा गमावला आणि कर्ता मुलगाही.

शाहू महाराज स्वतः समजूत घालायला तळेगावला आले. त्यांनी बाजीरावांना उमाबाईंच्या पायांवर घातलं, हाती तलवार देऊन 'तुमच्या मुलाचा बदला घ्या' म्हणाले आणि उमाबाईंनी क्षमा केली, अशी आठवण सांगतात. मग सेनापतीपद यशवंतरावाला मिळालं. अट अशी, की गुजरातच्या वसुलाचा निम्मा भाग सरकारात भरायचा.

आता गंमत बघा. यशवंतराव वयानं लहान. कागदावर सेनापती तो, पण फौज सांभाळायची कोणी? सरदारांना आवरायचं, वसूल बघायचा, तो कोणी? उमाबाईंनी.

१७३२ मध्ये दाभाड्यांचे गुजरातेतले सरदार पिलाजी गायकवाड यांना जोधपूरच्या अभयसिंहाने दग्याने मारवलं. अभयसिंह तेव्हा मोगलांचा गुजरातचा सुभेदार होता. उमाबाईंनी फौज जमवली आणि दुसऱ्या वर्षी त्या स्वतः अहमदाबादवर चालून गेल्या. शहर हाती आलं नाही. पण सुभेदाराला तह करावा लागला. चौथाई आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा तर मान्य केलाच, वर अहमदाबादच्या उत्पन्नातून ८०,००० रुपये द्यायचं ठरलं. विधवेने घराबाहेर पडायचं नाही अशा काळातली ही गोष्ट आहे. म्हणूनच लोक आजही यशवंतरावाला नव्हे, उमाबाईंना सरसेनापती म्हणतात.

पुढचं मात्र ऐकायला जड आहे. निम्मा वसूल भरायची अट दाभाड्यांनी कधी नीट पाळली नाही. शाहू महाराज होते तोवर निभावलं. डिसेंबर १७४९ मध्ये ते गेले. नानासाहेब पेशव्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, त्यांनी हिशोब मागितला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई त्यांना आपल्या आळंदीत भेटल्या. तो करार आमच्याकडून बळजबरीने करून घेतला होता, तो आम्हाला बांधील नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पेशव्यांनी मानलं नाही. मग उमाबाईंनी ताराबाईंशी हातमिळवणी केली. दमाजी गायकवाड फौज घेऊन आले, पण पेशव्यांच्या कैदेत पडले. १७५१ मध्ये दाभाडे मंडळींनाही कैद झाली. गुजरातचा कारभार हातचा गेला, तो पुढे गायकवाडांकडे गेला. १७५३ मध्ये उमाबाईंनी पुण्यात देह ठेवला.

बरोबर कोण होतं, पेशवे की दाभाडे, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पेशव्यांना तिजोरी भरायची होती, दाभाड्यांना हक्क राखायचा होता. मला त्यातून एवढंच दिसतं, की उमाबाई आळंदीला बोलायला बसू शकल्या, कारण करारात काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक होतं. मुलगा सांगेल, कारभारी बघेल, असं त्या म्हणाल्या नाहीत.

आपल्या भागातली कितीतरी जमीन कारखान्यांना गेली, अजून जाते आहे. खुरपणी आपण केली, धारा आपण काढल्या, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं? पैसे आले ते कोणाच्या खात्यावर? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून कायद्याने आहे. तरीही भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर बहीण न वाचता सही करते. सोडायचं असेल तर जरूर सोडा, पण वाचून, समजून सोडा. नवऱ्याची तयारी असेल, तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. अर्ज तलाठ्याकडे करायचा.

तेव्हा येत्या बैठकीला बचत गटाच्या वहीबरोबर प्रत्येकीने एक कागद आणा: आपल्या घराचा किंवा शेताचा उतारा. वाचता येणारीने वाचून दाखवावा, बाकीच्यांनी ऐकावा. आणि त्यावर आपलं नाव आहे की नाही, ते प्रत्येकीने स्वतः बघावं.