लुई रिएल : मोजणीच्या साखळीवर पाय
(अभ्यास शिबिरातील भाषण)



शिबिरात आमच्या गटाला परदेशातला एक बंडखोर अभ्यासायला सांगितला होता. आम्ही कॅनडाचा लुई रिएल घेतला. कोणी त्याला देशद्रोही म्हणतं, कोणी मानितोबा प्रांताचा बाप.

रिएल मेती समाजाचा. आई तिथली आदिवासी आणि बाप फ्रेंच नाहीतर स्कॉच व्यापारी, अशा घरांतून हा समाज झाला. रेड नदीच्या काठाला त्यांची शेतं, लांबट पट्ट्यांची. एक टोक पाण्याला, मागे गवताचं रान. म्हणजे पाणी सगळ्यांना. १८६९ मध्ये हडसन बे कंपनीने हा सगळा मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली करायचं ठरवलं. राहणाऱ्यांना विचारलं का? नाही. व्यवहार पुरा व्हायच्या आधीच मोजणीवाले आले, चौकोनी तुकडे पाडायला. ११ ऑक्टोबरला रिएलने त्यांच्या साखळीवर पाय ठेवला, पुढे जायचं नाही म्हणून. वय २४. आमच्याएवढाच की!

मग त्यांनी स्वतःचं हंगामी सरकार केलं, दिल्लीला जावं तसे ओटावाला आपले प्रतिनिधी पाठवले, आणि १८७० चा मानितोबा कायदा पदरात पाडला. पण त्याआधी, ४ मार्चला, थॉमस स्कॉट नावाच्या कैद्याला रिएलच्या सरकारने गोळ्या घातल्या. यावर आमच्या गटात भांडण झालं. काही म्हणाले, तो शिव्या द्यायचा, पहारेकऱ्यांवर धावून जायचा. असेल. तरी हातात सापडलेल्या कैद्याला मारणं चूकच, असं आमचं बहुमत झालं. त्यापायी रिएल परागंदा झाला. तीनदा पार्लमेंटवर निवडून आला, एकदाही जागेवर बसता आलं नाही.

आता जमिनीचं ऐका, हे महत्त्वाचं आहे. कायद्यात लिहिलं होतं, मेतींच्या मुलांना १४ लाख एकर. वाटपाला वर्षानुवर्षं लागली. तोवर बाहेरचे येऊन बसले. काहींना जमिनीऐवजी नुसती चिठ्ठी दिली, तिला स्क्रिप म्हणत. दलाल ती पडत्या भावाने घेऊन जात. आपल्याकडे सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, तसलाच धंदा. बरेच लोक वैतागून पश्चिमेला सस्कॅचेवान नदीवर गेले, आणि तिथेही हक्काचा कागद मिळेना.

१८८४ मध्ये गाब्रिएल द्युमाँ आणि इतर काही जण घोड्यांवरून मोंटानाला गेले. रिएल तिथे मास्तरकी करत होता. त्याला घेऊन आले. तोवर तो आपल्याला देवाने पाठवलंय असं म्हणू लागला होता. आधी दोन वर्षं वेड्यांच्या इस्पितळातही ठेवलेला. आम्हाला हे अवघड वाटतं, पण लपवणार नाही. देव बोलला म्हणून जमिनीची मागणी खोटी ठरत नाही. सरकारने नव्या रेल्वेने फौज आणली, आणि १२ मे १८८५ ला बातोश पडलं.

खटल्यात सहा ज्युरी होते, मेती एकही नाही. त्यांनी दोषी ठरवलं, पण दया करा असंही सांगितलं. वकील म्हणत होते वेडा ठरवून वाचवू. रिएलने ते मानलं नाही. वेड्याची मागणी कोण ऐकणार? १६ नोव्हेंबरला रेजायना इथे फाशी झाली.

अकरा दिवसांनी बॅटलफर्डला क्री आणि असिनिबॉइन जमातींच्या आठ जणांना एकत्र फाशी दिली. आम्हाला मिळालेल्या पुस्तकात रिएलवर पानंच्या पानं आहेत, या आठ जणांवर एकच ओळ. त्यांची नावं शोधायचं काम आमच्या गटाने पुढच्या शिबिरासाठी घेतलं आहे.